पथ्य नसलेलं औषध

आमच्या घरात आजारी पडायला कुणाची ना नसायची, बरं व्हायला मात्र अप्पांची परवानगी लागायची. अप्पा म्हणजे माझे वडील. लातूर तेव्हा हैदराबाद संस्थानात; तिथल्या गंजात, म्हणजे धान्यबाजारात, आमची आडत होती. तूर, करडई, जवसाच्या थप्प्या, पोत्यांवर टेकलेले शेतकरी, आणि गादीवर लोडाला रेलून कपाळभर विभूती लावलेले अप्पा. त्यांच्याकडे आलेला माणूस आधी तूर दाखवायचा आणि मग जीभ दाखवायचा. "डोळे पिवळे दिसायलेत की रे तुझे. पोट साफ होतंय का?" असं अप्पांनी विचारलं, की ज्याचं पोट रोज सूर्य उगवायच्या आत साफ होत होतं त्यालाही आपलं कुठंतरी काहीतरी तुंबलंय असं वाटू लागायचं. मग अप्पा औषध सांगायचे. हिरडा, सुंठ, ओवा, बाळहिरडा, मध. औषध एका ओळीत संपायचं. त्यानंतर पथ्य सुरू व्हायचं, ते संपेपर्यंत बाहेर बैलांची वैरण संपलेली असायची.

जगातली प्रत्येक वस्तू अप्पांच्या लेखी एक तर उष्ण असायची नाही तर थंड. आंबा उष्ण, केळं थंड, गूळ उष्ण, साखर थंड, इथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण त्यांनी माणसंही वाटून टाकली होती. माझे मामा थंड, तहसीलदार उष्ण, शाळेतल्या मास्तरीणबाई सकाळी थंड आणि दुपारनंतर उष्ण. बार्शीच्या छोट्या गाडीनं प्रवास केला तर तो उष्ण, पण खिडकीत बसलं तर थंड. मला त्यांनी उष्णात टाकलं होतं, कारण मी उलट बोलायची. त्यामुळे अख्ख्या उन्हाळ्यात सगळी भावंडं आंबे खायची आणि मला दोन फोडींवर उठवायचे. त्या आंब्यांचा राग अजून माझ्या पोटात आहे, नव्वदीला टेकले तरी.

आणि पथ्याचं तर विचारूच नका. अप्पांचं ठाम मत होतं, की औषध हे निमित्त, माणूस बरा होतो तो पथ्यानं. वैद्य किती मोठा हे ते त्यानं काय दिलं यावरून ठरवायचे नाहीत, काय काय बंद केलं यावरून ठरवायचे. गावात एक म्हातारे हकीमसाहेब होते. ते एका पुडीमागं बारा वस्तू बंद करायचे. आंबट, तेलकट, वांगं, दही, दुपारची झोप, पहाटेचं गार वारं, रागावणं. अप्पा त्यांचं नाव निघालं की हात जोडायचे. "ह्याला म्हणायचं परहेज! माणूस अर्धा तर भुकेनंच बरा होतो." आज मी हसते, पण गेल्या वर्षी माझे गुडघे बदलले. ऑपरेशन झाल्यावर तो पोरगेला सर्जन हसत म्हणाला, आजी, आता काहीही खा. माझी सून, एम.ए. झालेली, त्याच्या मागं मागं जिन्यापर्यंत गेली आणि हळूच विचारून आली, "पण डॉक्टर, वांगं चालेल ना?" आता लातुरात घरटी एक पोर डॉक्टर व्हायला क्लासला बसलंय, आणि घरटी एक वांगं अजून बंद आहे.

अप्पांचं राज्य ओसरीपर्यंत. माजघराच्या पलीकडं राज्य होतं ते निलव्वा आत्याचं. ती अप्पांची थोरली बहीण, तरुणपणीच नवरा गेलेली, आणि तेव्हापासून आमच्याकडं. गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली होती, आणि हे ती त्या पोरांना मोठेपणीही विसरू द्यायची नाही. घोड्यावरून चाललेल्या अमीनसाहेबाच्या, म्हणजे फौजदाराच्या, शिपायालाही ती ओसरीवरून हाक मारून सांगायची, "अरे, तू पायाळू हायस, जपून उतर!" आमच्या मठातल्या स्वामींचं म्हणणं असायचं, की आपल्या लिंगायत लोकांत सुतक-विटाळ पाळायचा नाही, ज्याच्या गळ्यात लिंग आहे त्याला विटाळ नाही. आत्या स्वामींच्या पाया पडायची, मान डोलवायची, आणि बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याला पाय लावू द्यायची नाही. त्या खोलीत ती सांगेल ते. दार लोटलेलं, खिडकीला पोतं लावलेलं, बाजेखाली शेगडी, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा. आत शिरलं की डोळ्यांतून पाणी यायचं आणि ते पुसेपर्यंत अंगातून घाम.

त्या खोलीत त्या वर्षी अक्का होती. माझी थोरली बहीण. तिला शिरूर अनंतपाळला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणली होती. अक्का माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. माझ्या वेण्या तीच घालायची, उर्दूची उजळणी तीच घ्यायची, आणि अप्पांनी मोजून दिलेल्या दोन फोडींवर तिसरी पदराखालून तीच द्यायची. ती आली तेव्हा घराला नुसतं उधाण आलं होतं. अव्वानं, म्हणजे आईनं, डिंक तळायला घेतला की तो फुलायचा आवाज ओसरीपर्यंत यायचा. खोबरं किसल्याचा, खारका कुटल्याचा, जात्यावर गहू भरडल्याचा आवाज. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, शिजली की गुळाच्या वासानं गंजातले हमालसुद्धा दारात रेंगाळायचे. मुलगी झाली. आत्यानं थाळी वाजवली, जरा हळूच वाजवली, पण वाजवली.

पाचवीच्या पूजेनंतर अक्काला ताप भरला. आधी थंडी वाजली, मग अंग असं तापलं की पांघरुणावरून हात लावला तरी चटका बसावा. आत्या म्हणाली, वारं लागलं. खिडकीवर दुसरं पोतं आलं. अप्पा म्हणाले, थंडी शिरली. शेगडीत निखारे वाढले. पोट दुखतंय म्हटल्यावर शेक वाढला, ताप उतरत नाही म्हटल्यावर लंघन सुरू झालं, आणि पाणी तर आमच्याकडं बाळंतिणीला तसंही मोजूनच. तापवलेलं लोखंड विझवलेलं पाणी, तेही ओठ ओले होतील एवढं. जास्त प्यायलं तर पोट सुटतं, दूध पातळ होतं, बाळाला सर्दी होते, एका घोटात आत्या तीन पिढ्यांचं नुकसान दाखवायची. मी दाराच्या फटीशी गेले की अक्का आतून म्हणायची, "काशे, घोटभर पाणी दे की ग." काशी माझं नाव. मी तांब्या घेऊन उंबऱ्यापर्यंत जायची आणि आत्या तो माझ्या हातातून काढून घ्यायची. मला आत्याचा इतका संताप यायचा, की देव तिलाच ताप का आणत नाही असं मी लिंगाची पूजा करताना विचारलेलं आहे. विचारलं, ते लपवत नाही.

चौथ्या दिवशी अक्का बडबडायला लागली. मला ओळखेना. तेव्हा माझी अव्वा, जी अप्पांसमोर डोक्यावरचा पदर सरकू द्यायची नाही, ती ओसरीवर आली. दुकानाचे लोक बसलेले होते. ती म्हणाली, "सरकारी दवाखान्यातला डाक्टर आणा." अप्पा म्हणाले, "त्याला काय कळतंय? तो कैद्यांना अन् शिपायांना औषध देणारा माणूस." अव्वा म्हणाली, "तुम्ही न्हाई आणला तर मी जाते. ह्या भर गंजातनं चालत जाते. माझी पोर हाय ती." अप्पांच्या आयुष्यात त्यांना पथ्य सांगणारं कुणी पहिल्यांदाच भेटलं होतं. ते उठले आणि टोपी घालून गेले.

डॉक्टरसाहेब हैदराबादहून नवीन बदलून आले होते. तरणा माणूस, शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, मराठी तोडकी मोडकी. मधे चादर धरली, चादरीतून अक्काचा हात बाहेर काढला. त्यांनी मनगट धरून खिशातल्या घड्याळाकडं बघायला सुरुवात केली, तशी आत्या अव्वाच्या कानात म्हणाली, "बघ, आत्ताच आला आन् ह्याला जायाची घाई." त्यांनी पोट दाबून बघितलं, शेगडीकडं बघितलं, खिडकीवरच्या पोत्याकडं बघितलं. मग ओसरीवर येऊन म्हणाले, बाळंतपणाच्या वेळी आत जखमेत जहर झालंय, ते रक्तात गेलंय. वर्षा-दोन वर्षांमागं असतं तर मी अल्लाचं नाव घ्या म्हणालो असतो. पण आता विलायतेहून सल्फाच्या गोळ्या यायला लागल्यात. लढाईमुळं मिळत नाहीत, दवाखान्यात थोड्या आहेत. त्या देतो. चार-चार तासांनी द्यायच्या, चुकवायच्या नाहीत.

अप्पा सरसावून बसले. हाच त्यांच्या परीक्षेचा प्रश्न होता. "आन् परहेज?"

"परहेज कुछ नै," डॉक्टर म्हणाले. "जो मांगती सो खिलाओ. बस पानी पिलाओ, खूब पिलाओ."

अप्पांचा चेहरा मला आजही दिसतो. पडेल भावात सगळी तूर गेल्यासारखा झाला. डॉक्टर पायरी उतरले नाहीत तोच ते म्हणाले, "ज्या औषधाला पथ्य न्हाई ते औषधच न्हाई. चुना आसंल." मग ओसरीवर गोळ्यांची पंचायत बसली. कागदाची पुडी मधे ठेवली. गोळी उष्ण का थंड हे ठरल्याशिवाय द्यायची कशी? पांढरी म्हणजे थंड, असं कारकून म्हणाला. अप्पांनी एक गोळी जिभेला लावून बघितली. कडू लागली. कडू म्हणजे उष्ण. मग उष्ण गोळी तुपामधातून द्यायची ठरली. आणि पाण्याचं? ते आत्यानं दारामागून निकालात काढलं. "गोळी पोटात गेल्यावर वरनं पाणी वतलं तर ती वाहूनच जाईल की. गुण कशाचा येतोय?" सगळ्यांना हे पटलं. खरं सांगते, मलाही तेव्हा अर्धंमुर्धं पटलं होतं. चुकीची गोष्ट इतकी सोपी करून सांगणारा माणूस घरात असला की फार कठीण. आमच्या घरच्या ग्रुपवर रोज सकाळी एक नातू असंच काही पाठवतो, लिंबाच्या साली उकळून प्या, तांब्याच्या भांड्यात प्या, उभं राहून पिऊ नका. मी ते वाचते आणि म्हणते, आत्या परत आली, या खेपेला दारामागून नाही, फोनमधून बोलते एवढंच.

तर गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरसाहेबांच्या पुण्याईनं गोळ्या तरी चुकल्या नाहीत, कारण त्या अव्वा स्वतः द्यायची, आणि तुपातून द्यायला आत्याची हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी ताप थोडा खाली आला. अक्कानं मला हाक मारली. आणि तिसऱ्या दिवशी तिला कमरेत कळा सुरू झाल्या. लघवी होईना; झाली ती थेंबभर आणि लाल. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही वेगळं दिसलं तर शिशीत घालून आणा. आता नेणार कोण? भाऊ दुकानात, नोकर असली शिशी हातात धरेना, आणि अप्पा? गंजातून मुलीची लघवी घेऊन चालत जायचं? मग मी निघाले. मी मुलींच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, उर्दू शिकत होते, डॉक्टरचं बोलणं घरात सगळ्यात नीट मलाच कळायचं. शिशी होती अप्पांच्या कसल्याशा ताकदीच्या औषधाची, तिच्यावर मिशा पिळणारा पैलवान होता. तो पैलवान पदराखाली झाकून मी सरकारी दवाखान्यापर्यंत मान खाली घालून चालत गेले.

डॉक्टरसाहेबांनी शिशी उजेडाकडं धरली, हलवली. तळाशी वाळूसारखं काहीतरी होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "पानी कित्ता पिलाते?" मी ओठांना बोट लावून दाखवलं. एवढं. त्यांनी शिशी टेबलावर अशी आपटली की पैलवान आडवा झाला. मग बोलले तेव्हा आवाज इतका खाली होता की त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, बेटी, नीट ऐक. ही गोळी पाण्याबिगर दिली तर गुर्द्यात, लघवी तयार होते तिथं, तिचे खडे होतात. लघवी बंद पडली की माणूस जातो. म्हणून गोळी बंद केली, तर आतलं जहर परत वाढतं, आणि माणूस जातो. वाट एकच आहे. दर तासाला एक फुलपात्र भरून पाणी. आजपासून, आत्तापासून. उद्यापर्यंत लघवी मोकळी झाली नाही तर मला गोळी बंद करावी लागेल. मग माझ्या हातात काही नाही.

मी पळत घरी आले. धापा टाकत जसंच्या तसं सांगितलं, गुर्दे, खडे, पाणी, सगळं. ओसरीवर अप्पा होते, दारात आत्या होती, मधे अव्वा. आत्या म्हणाली, "त्या दाढी न फुटलेल्यानं कधी बाळंतपण केलंय का? म्हणे पाणी! ओल्या बाळंतिणीला!" अप्पा म्हणाले, "गोळीच्या अंगातच दोष हाय. मी म्हणालोच होतो, पथ्य न्हाई. हकीमसाहेबाकडं जातो मी." आणि ते खरंच टोपी शोधायला लागले. अव्वा एकदा अप्पांकडं बघत होती, एकदा आत्याकडं. आतून अक्का कण्हत होती. मला ते डॉक्टरचं 'उद्यापर्यंत' ऐकू येत होतं, आणि मला कळलं की मी खरं सांगतेय तोवर ह्या घरात पाण्याचा एक थेंब कुणी देणार नाही.

मी म्हणाले, "आजून एक सांगितलंय डाक्टरनं. पथ्य सांगितलंय."

अप्पांचा हात टोपीवरच थांबला. "पथ्य? कसलं पथ्य?"

"लई कडक हाय," मी म्हणाले. "त्या दिवशी सांगितलं न्हाई, कारण तुम्हाला झेपणार न्हाई असं वाटलं त्याला."

एवढं बोलले आणि पुढं काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं. पण अप्पांची मुलगी होते. बारा वर्षं पथ्यं ऐकत वाढले होते. तोंड उघडलं आणि ती बाहेर यायला लागली. ही गोळी महाउष्ण आहे, अस्सल विलायती. तिला पाण्याचंच पथ्य आहे. कचेरीवर तासाचा टोल पडला की टोलाला एक फुलपात्र, पूर्वेकडं तोंड करून, एका दमात नाही, सात घोटांत. पाणी देवळामागच्या विहिरीचं, त्याच दिवशी शेंदलेलं. आणि ते घरातल्या सगळ्यात वडील बाईनं स्वतःच्या हातानं पाजायचं, दुसऱ्या कुणाचा हात लागला तर गुण नाही. एक टोल चुकला तर पहिल्यापासून. शेगडी उंबऱ्याच्या बाहेर, कारण उष्णाला उष्ण चालत नाही. घरातल्या कुणी वांगं खायचं नाही. इथवर ठीक होतं. पण माणूस एकदा खोटं बोलायला लागला की त्याला स्वतःचंही काम आठवतं. दर जुम्म्याला, शुक्रवारी शाळेला सुट्टी म्हणून, अप्पा आम्हा सगळ्या पोरांना ओळीत बसवून एरंडेल पाजायचे. तेव्हा मी म्हणाले, "आन् घरातल्या पोरांना एरंडेल द्यायचं न्हाई. त्यानं रोग्याच्या पोटावर ताण येतो."

मला वाटलं, आता कानफटात बसणार. अप्पांनी टोपी खुंटीला अडकवली. "मग हे आधी सांगायला काय झालं होतं त्याला?" ते म्हणाले. "वांगं बी बंद म्हणतोय म्हणजे कळतंय गड्याला." आमच्या अप्पांना भरलं वांगं म्हणजे जीव की प्राण, आणि त्या दिवशी ते चुलीवर शिजत होतं. त्यांनी अव्वाला ते पातेलं उतरवून गड्याला द्यायला लावलं. आणि आत्या? आत्यानं पदर खोचला. सगळ्यात वडील बाई तीच. कळशी घेऊन स्वतः विहिरीवर गेली. मग त्या खोलीतून जे आवाज येऊ लागले ते ऐकून मी भिंतीला पाठ लावून तोंडात पदर कोंबून हसत होते आणि रडत होते. "पी! सगळं पी! तळाला थेंब ठिवलास तर बघ! पाच झाले, आजून दोन घोट ऱ्हायलेत! तिकडं न्हाई, उगवतीकडं तोंड कर!" जी बाई आठवडाभर पाण्याला पहारा देत होती, तीच आता पाणी पाजायला कंबर कसून बसली. टोल पडायच्या आधीच ती फुलपात्र भरून तयार. कचेरीवरचा शिपाई टोल द्यायला जरा चुकला तर ती पोराला पाठवून त्याला शिव्या पोचवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काची लघवी मोकळी झाली. मी नवी शिशी घेऊन गेले, ती उजेडाला धरून डॉक्टरसाहेब नुसतं "शुक्र है" म्हणाले आणि खुर्चीत बसले. आठवड्यानं ताप गेला तो गेलाच. अक्काच्या अंगावर फक्त डोळे उरले होते, पण ते माझ्याकडं बघून हसत होते. तिनं बाळ मागितलं. मी ते तिच्या कुशीत ठेवलं आणि बाजेच्या पायाशी बसून मनसोक्त रडले. इतकी वर्षं झाली, माझ्या हयातीत किती औषधं निघाली, हृदयं उघडून शिवायला लागले, डोळ्यातलं भिंग चहा गार व्हायच्या आत बदलायला लागले. पण औषध म्हटलं की मला ती कडू पांढरी गोळी दिसते आणि शेजारी आत्याच्या हातातलं फुलपात्र.

अक्का उठून बसायला लागल्यावर अप्पा डॉक्टरांना भेटायला निघाले. नवी टोपी, उपरणं, टोपलीभर गुळाच्या ढेपा, आणि संगं मी, बोलणं समजावून सांगायला. अप्पांनी हात जोडले आणि मोठ्या आवाजात सुरुवात केली. "साहेब, औषध तर भारी होतंच, पण पथ्य! असलं पथ्य म्या आमच्या हकीमसाहेबाकडं बी पाहिलं न्हाई. उगवतीला तोंड, टोलाला पाणी, सात घोट. शेगडी बाहेर. वांगं बंद, आजून घरात आणलं न्हाई. आन् पोरांचं एरंडेल बंद, हे तर कुणाच्या डोक्यात बी आलं नसतं!" डॉक्टरसाहेब ऐकत राहिले. एरंडेल आल्यावर त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं. मला वाटलं, संपलं आता सगळं. मग ते अगदी गंभीर होऊन म्हणाले, "जी हाँ. मगर एक परहेज बताना भूल गया मैं."

"सांगा की," अप्पा म्हणाले.

"चालीस दिन इस घर के बड़े आदमी ने किसी को दवा नै बताना. न परहेज. एक लफ्ज नै. वर्ना बीमारी लौटती."

अप्पांनी पुन्हा हात जोडले. पथ्य म्हणजे पथ्य.

ते चाळीस दिवस गंजातल्या लोकांनी पुढं कितीतरी वर्षं आठवले. शेतकरी यायचे, तूर दाखवायचे, जीभ दाखवायचे. अप्पा तूर बघायचे आणि दुसरीकडं तोंड करायचे. कुणी खोकला काढला की त्यांच्या गळ्याची शीर तट्ट फुगायची. एक माणूस तर समोर बसून दह्याबरोबर केळं खात होता. अप्पा उठून मागं गोदामात गेले आणि तो जाईपर्यंत आले नाहीत. एकदाही चुकले नाहीत. अक्कासाठी. बोलता येत असूनही न बोलणं त्यांना किती जड गेलं असेल हे मला तेव्हा कळलं नाही, तेव्हा मला नुसती गंमत वाटायची. आता कळतं, आणि अप्पांची आठवण येऊन जीव कासावीस होतो.

चाळीस दिवस झाले. अक्काला न्यायला शिरूरहून गाडी आली आणि गेली. दुसऱ्या दिवशी मी दुकानात अप्पांचा डबा घेऊन गेले होते. तेवढ्यात पलीकडचा तेलाचा व्यापारी मलप्पा धावत आला. "शरणार्थ, अप्पा. माझ्या सुनेला बाळंतपणात ताप भरलाय. तुमच्या पोरीला झाला होता तसलाच. काय करू सांगा." सगळी गादी अप्पांकडं बघायला लागली. कारकुनानं लेखणी खाली ठेवली. चाळीस दिवसांचं तुंबलेलं आता सुटणार म्हणून हमालसुद्धा पोत्यांवर नीट बसले.

अप्पांनी श्वास घेतला. मग म्हणाले, "सरकारी दवाखान्यात जा. डाक्टरला घरी ने. तो सांगंल ते कर. बाकी मला काय कळत न्हाई."

बाकी मला काय कळत न्हाई. हे वाक्य त्यांच्या तोंडून त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. मलप्पाला तर ते ऐकूच आलं नसावं. तो तिथंच उभा. "आन् पथ्य?" तो म्हणाला. "पथ्य तर सांगा की अप्पा."

अप्पांनी माझ्याकडं बोट केलं. "ते हिला इचार. आमच्या घरचं पथ्य हीच लावती."

मी अप्पांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते, उपरण्यानं कपाळाचा घाम पुसत होते. कधी कळलं होतं त्यांना? डॉक्टरांसमोर? का त्या दिवशी ओसरीवरच, टोपी खुंटीला अडकवताना? मी हे त्यांना कधीच विचारू शकले नाही. मी मलप्पाला सांगायला लागले, टोलाला पाणी, उगवतीकडं तोंड.

"नुसतं सांगू नकोस," अप्पा मधेच म्हणाले. "त्याच्या संगं जा. तिथं बी एक आत्या आसंल."

मी डबा गादीवर ठेवला आणि मलप्पाच्या पुढं चालायला लागले.